अंगठा कोण पाहते वं?

माझ्या चित्रात जी आग दिसते ती खरं तर सिमेंट कालवायचं घमेलं आहे. त्यात बारा-बारा वॅटचे तीन एलईडी बल्ब, वरून बटर पेपर आणि त्याच्यावर नारिंगी जिलेटीन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद. हे आधीच सांगून टाकते, कारण चित्र पाहून दोघा-तिघांनी विचारलं की गच्चीवर खरंच होळी पेटवली होती का, आणि आईनं ते ऐकलं असतं तर मला गच्चीची चावी जन्मात परत मिळाली नसती.

विषय मारबतीचा. नागपूरकरांना सांगायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागात मोठाले पुतळे मिरवत नेतात, काळी मारबत आणि पिवळी मारबत, सोबत त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे काही गेलं असेल त्याचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, महागाई म्हणा, भ्रष्टाचार म्हणा, आणि सगळा जमाव ओरडत असतो, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जाऽऽ गे मारबत!" काळी निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, ती तऱ्हाणे तेली समाजाची मंडळी काढतात. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, ती इंग्रजांना सामील झाली म्हणून लोकांचा राग. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. शेवटी पुतळे जाळायचे, गेली पीडा.

मग सरळ मिरवणुकीतच फोटो का नाही काढले? काढले ना, तीन वर्षं काढले. एकतर डोक्यावरचं ऊन नाहीतर पाऊस, आणि फ्रेममध्ये माणसांपेक्षा वर धरलेले मोबाईल जास्त. आणि खरं सांगायचं तर मला मिरवणूक नकोच होती, मला माझ्या आजीच्या गावची पहाट पाहिजे होती, उमरेडकडची. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावतात ना, मेढे, ते दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उचलून गावाबाहेर नेत आणि तिथं जाळ करत. मी सहा-सात वर्षांची असेन. आजीच्या लुगड्याचा पदर धरून उभी होते, वर पाहिलं तर आजी ओळखूच येईना. उजेड खालून येत होता. नाकाखाली जिथं रोज सावली असते तिथं उजेड, भुवयांच्या खालच्या अंगाला उजेड, आणि कपाळ काळं कुट्ट. मी भोकाड पसरलं होतं म्हणे.

तर ते काढायचं होतं. पाच माणसं जाळाभोवती, पहाटेचं निळं आभाळ मागे, मारबतीचा पुतळा दिसायचाच नाही, फक्त तिचा एक हात खालच्या कोपऱ्यात, अर्धा जळालेला. काळ जुना, मारबत सुरू झाली तेव्हाचा. ऑइल, तीन बाय चार फुटी कॅनव्हास. मी दिवसभर एका ऑफिसात अकाउंट्स पाहते आणि चित्र शनिवार-रविवारी काढते, त्यामुळे एवढं मोठं काम पहिल्यांदाच हातात घेत होते, आणि खालून उजेड पडलेला चेहरा मनानं काढायची माझी लायकी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. चार स्केचेस केले, चारही भूत बंगला.

माणसं उभी करून चित्र काढणं यात चोरी काहीच नाही बरं का, काही लोक उगाच नाक मुरडतात म्हणून सांगते. चित्रकार हळदणकरांचं ते दिवा हातात घेतलेल्या बाईचं वॉटरकलर आहे ना, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, त्यासाठी त्यांनी आपल्या मुलीलाच उभं केलं होतं. त्या चित्रात ज्योतीपुढे धरलेली बोटं कशी आतून लालसर दिसतात ते पाहा, ते समोर पाहिल्याशिवाय कोणाला सुचणार! आणि तो अमेरिकेचा चित्रकार नॉर्मन रॉकवेल, तो तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून, कपडे घालून, अभिनय करून दाखवून फोटो काढून घ्यायचा. बटण दुसराच कोणी दाबायचा, हा फक्त पोझ सांगायचा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच भांडण आहे.

माझी माणसं कोण ते सांगते, नावं घेत नाही, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर माझीच मारबत काढतील. एक मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. एक बँकवाली. एक जिमवाला, त्याचे दंड पाहिजे होते मला. मास्तरची आई, वय बहात्तर, जी आजी होणार होती. आणि पाचवा आमच्या खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला पोट्टा, ज्याला मी समोसे देईन म्हणून आणलं. आणि कॅमेऱ्यामागे आमचा शाळेपासूनचा मित्र, त्याला आपण लग्नवाला म्हणू, कारण तो लग्नाचे फोटो काढतो आणि फार छान काढतो. प्री-वेडिंगसाठी पोरं त्याच्या मागे रांग लावतात. मला वाटलं घरचाच माणूस आहे, कॅमेरा आहे, लेन्स आहे, अजून काय पाहिजे. फुकटात करतो म्हणाला, फक्त तर्री पोहे पाहिजे.

कपड्यांची मात्र पहिल्याच दिवशी माती झाली. स्नेहसंमेलनाला ड्रेस भाड्यानं देतात त्या एका दुकानातून मी "जुन्या काळचे, गरीब घरचे, पाच सेट" असं सांगून आणले. घरी येऊन पिशवी उघडली तर नऊवारी म्हणजे शिवलेली, मागे वेलक्रो, सॅटिनची, आणि पुरुषांसाठी काय, तर पुणेरी पगडी! इतवारीच्या बोळीत १८८१ साली पुणेरी पगडी घालून मारबत जाळायला कोण आलं होतं बाप्पा? पगडी जाऊ द्या, कापडच कामाचं नव्हतं. सॅटिनवर उजेड पडला की लांब चकचकीत पट्टे पळतात, सुती कापडाची चुणी कशी मोडल्यासारखी कोनात पडते, जाडसर असते, उजेड तिच्या कडेला अडतो. चित्रात गरिबी कपड्याच्या रंगानं नाही येत, चुण्यांनी येते. सगळं परत केलं. आजीचं जुनं सुती लुगडं ट्रंकेत होतं ते मास्तरच्या आईला, धोतर मास्तरच्या वडिलांचं, दोन पांढरे दुपट्टे गांधीबागेतून आणून चहाच्या पाण्यात उकळले, जिमवाल्याला उघडाच ठेवायचा आणि खांद्यावर घोंगडी. त्याला हे फार आवडलं. नोव्हेंबरची थंडी सुरू झालेली पण गडी अर्धा तास आधीपासूनच शर्ट काढून तयार.

मारबतीच्या हाताला माझे दोन रविवार गेले. बांबूच्या कमच्या बांधून बघितल्या, मनगटाच्या जागी कमची तडकायची. शेवटी चितार ओळीत गेले, तिथं मूर्ती करणारी घरंच्या घरं आहेत. एका काकांना विचारलं. ते म्हणाले, "वाळलेली कायले घेतली? ओली घे, आचेवर धर, हळूहळू वाकव, थंडी होतवरी सोडू नको." एवढंच. घरी गॅसवर धरून वाकवली, सरळ वाकली. वरून सुतळी, रद्दी, खळ, त्याच्यावर पतंगीचा कागद. जळालेली बोटं दाखवायला कागदाच्या कडा अगरबत्तीनं चटके देऊन काळ्या केल्या. आईनं एकदा स्वयंपाकघरात येऊन पाहिलं, ओट्यावर तो हात पडलेला, ती काही न बोलता परत गेली.

आता शूटचा दिवस. पहाटेचं चित्र संध्याकाळी काढायचं ठरलं, कारण रविवारी पहाटे साडेचारला माझ्या एकाही मित्राचा पाय अंथरुणाबाहेर पडणार नाही. नोव्हेंबरात नागपूरला साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि पुढची वीसेक मिनिटं आभाळ तसंच निळं असतं, पहाटेसारखं. म्हणजे सगळा खेळ वीस मिनिटांचा. मी सगळ्यांना चारला बोलावलं. मास्तर आणि त्याची आई चारला आली. बाकीचे पाच वाजून दहा मिनिटांनी, बँकवाली तर सव्वा पाचला, महिनाअखेर म्हणून.

आग तेव्हा घमेल्याची नव्हती. मंडप डेकोरेशनवाल्याकडून पाचशे वॅटचा हॅलोजन आणला होता आणि त्याच्यावर जिलेटीन चिकटवलं होतं. तीन मिनिटांत जिलेटीन आकसलं, मग धूर, मग वितळून थेंब. त्यात वारा पाहिजे म्हणून आम्ही गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर ओढून आणला होता, ताट्या काढून, नुसता पंखा, दुपट्टे उडायला. आणि पावसाळ्यातली जमीन ओली दिसावी, तिच्यात जाळाचं प्रतिबिंब पडावं म्हणून दोन बादल्या पाणी ओतलं होतं, एक्स्टेन्शन बोर्ड विटांवर ठेवला होता एवढी अक्कल होती. तरी हॅलोजन, कूलर आणि खाली गीझर, तिन्ही एकदम, एमसीबी पडला. खालून आईचा आवाज. तेवढ्यात पोट्ट्यानं धुपाटण्यात निखारे टाकून धूप घातला होता, कारण मीच सांगितलं होतं थोडा धूर पाहिजे म्हणून, आणि लाइट परत आल्याबरोबर कूलर सुरू झाला आणि तो सगळा धूर सरळ पाच जणांच्या तोंडावर. शेजारच्या बिल्डिंगमधले काका त्यांच्या गच्चीवरून ओरडून राहिले, "आग लागली काय वो? पाणी आणू काय?" आणि खरंच बादली घेऊन उभे. फार भला माणूस.

या गोंधळात निळं आभाळ गेलं. पण लग्नवाल्यानं तेवढ्यात दीडशे फोटो मारले होते. मी त्याच्याजवळ जाऊन पाहत होते तर तो म्हणे तू समोर जा, मी करतो ना. आणि त्याचं सुरू, "आजी, चिन थोडी खाली. भाऊ, डोळ्यांनी हसा." मी म्हटलं अरे हसायचं नाहीये, मारबत जाळून राहिले. तर म्हणे, "थोडी स्माईल असली की चेहरा उघडते."

तीन दिवसांनी त्यानं चौतीस फोटो पाठवले. आता खरं सांगते, फोटो इतके सुंदर होते की मी पहिले पाच मिनिटं काही बोललेच नाही. मास्तरच्या आईचा डोळा, त्यात नारिंगी ठिपका, मागे सगळं लोण्यासारखं वितळलेलं. ग्रुपवर टाकले तर बदाम आणि आगीच्या इमोजींचा पाऊस. बँकवालीनं डीपी ठेवला. जिमवाल्यानं तर स्टेटस, डीपी, सगळं.

मग मी चित्र काढायला बसले आणि कळलं की यातून काहीही काढता येत नाही.

लेन्स पंच्याऐंशी एमएमची, एफ १.८ वर, म्हणजे तिचं छिद्र सताड उघडं. चार मीटरवरून त्याच्यात फार तर वीत-दीड वीत खोलीचं स्पष्ट येतं. आजीचा डोळा स्पष्ट, तर तिच्याच खांद्यावर ठेवलेला मास्तरचा हात म्हणजे कणकेचा गोळा. पाय तर कुठेच नाहीत, कारण त्यानं सगळे कमरेपासून वर घेतलेले. वरून एडिटिंग, कातडी गुळगुळीत, बहात्तर वर्षांच्या बाईच्या गालावर एक सुरकुती नाही. सावल्या सगळ्या निळसर-हिरव्या केलेल्या, उजेड सगळा सोनेरी, आजकाल सगळी लग्नं दिसतात तसा. आणि जिलेटीनच्या उजेडात तर अजून एक घोळ झाला होता, तो मला नंतर कळला. इतका नारिंगी उजेड असला की कॅमेऱ्याचा लाल चॅनल भरून जातो. गालावर कुठे उंच, कुठे खोल, काही कळत नाही, सपाट नारिंगी वड्यासारखा चेहरा.

मी त्याला धरमपेठेत पोह्यांच्या ठेल्यावर बोलावलं. फोन काढला, मास्तरचा हात झूम केला.

"हे काय आहे सांग."

"हात हाय."

"अंगठा कुठे संपतो सांग. नख कुठे आहे? मी हे तीन फुटी कॅनव्हासवर काय कल्पनेनं काढू?"

त्यानं तर्री ओतून घेतली, निवांत एक घास खाल्ला आणि म्हणाला, "अंगठा कोण पाहते वं? लोकं डोळे पाहतेत."

मी रॉकवेलचं सांगितलं, की तो पोझ सांगायचा आणि फोटोवाला फक्त बटण दाबायचा. हे सांगायला नको होतं. "म्हणजे मी बटण दाबनारा काय?" झालं, पोहे तसेच टाकून गाडीला किक. आठवडाभर बोलला नाही. चूक त्याची नव्हती, मला तेव्हाही माहीत होतं. त्याचं काम फोटो देखणा करायचं, पाहणाऱ्याची नजर जिथं पाहिजे तिथंच थांबवायची. माझ्या कामाला नेमका उलटा फोटो लागतो, कुरूप चालेल, सगळं सारखं दिसलं पाहिजे, नजर कुठे थांबवायची ते मी ठरवीन. हे मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं काय, तर "मस्त काढ."

शेवटी मास्तरच्या आईनं फोन केला त्याला. काय बोलल्या माहीत नाही. पुढच्या रविवारी तीन वाजताच हजर, पाठीवर बॅग, चेहरा एवढासा. "सांग, काय काय पाहिजे. लिहून दे." मी खरंच लिहून आणलं होतं.

दुसऱ्या वेळेस घमेलं. हॅलोजनच्या जागी एलईडी, ते तापत नाहीत म्हणून कागद जळत नाही. नुसता बल्ब ठेवला तर सावलीची कड चाकूसारखी येते, खऱ्या जाळाचा उजेड पसरट असतो म्हणून बटर पेपर. आणि घमेलं जवळ पाहिजे, खरंच जवळ, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, म्हणूनच जाळाजवळचा माणूस पेटल्यासारखा दिसतो आणि दोन पावलं मागचा विझलेला. माझ्या पाच माणसांत कोण किती पुढे यावर सगळं चित्र उभं होतं. मी खडूनं गच्चीवर पायांचे ठसे काढले, पाचांचे, नंबर टाकून. ट्रायपॉडचेही तीन ठिपके.

त्याला म्हटलं पन्नासची लेन्स लाव, पाच मीटर मागे जा, एफ ८, म्हणजे छिद्र बारीक, पुढचं-मागचं सगळं स्पष्ट. तो म्हणे उजेड नाही, कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवून बत्तीसशे करावा लागेल, ग्रेन येईल, फोटो दाणेदार होईल. मी म्हटलं येऊ दे, ग्रेन मी ब्रशनं पुसते. शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागावर आलं, म्हणजे माणसांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. प्रत्येक पोझ दोनदा, एकदा जिलेटीन लावून रंगासाठी, एकदा जिलेटीन काढून नुसत्या वॉर्म व्हाइट बल्बवर, आकारासाठी. ही युक्ती कोणाला उपयोगी पडली तर बघा, मला अर्धं चित्र त्या बिनजिलेटीनच्या फोटोंनी दिलं.

ओरडण्याचं पण असंच. "घेऊन जा गे मारबत" म्हणताना तोंड कुठे थांबवायचं? "गे"ला ओठ फाकतात, दात दिसतात, हसल्यासारखं होतं. "मा"ला ओठ मिटतात. "जा"ला मात्र जबडा खाली पडतो, आणि उजेड खालून असला की वरचा टाळू आतून लाल दिसतो, हे मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. तर सगळे "जाऽऽऽ" वर अडकून उभे, शेजारच्या गच्चीवरचे काका बादलीशिवाय पाहत. नुसतं "जा" म्हणायचा कंटाळा आला म्हणून मग प्रत्येकानं आपली पीडा जोडली, उशिरा आलेली बँकवाली म्हणे ऑडिट घेऊन जा, मास्तर म्हणे ऑनलाइन माहिती भरणं घेऊन जा, पोट्टा म्हणे बॅकलॉग. मास्तरच्या आईला विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे."

मास्तरला चष्मा काढायला लावला होता, काचेत तिन्ही बल्ब दिसायचे. चष्म्याशिवाय त्याला घमेलंसुद्धा नीट दिसत नाही, त्यामुळे तो डोळे बारीक करून, मान पुढे काढून जाळाकडे बघत होता. ते तसंच ठेवलं. जिमवाल्याच्या मनगटावर घड्याळाचा हिरवा लाइट चमकत होता, तो पन्नास फोटोंनंतर दिसला. पुसून टाकू, म्हटलं.

चहाच्या वेळी मी अजून एक काम केलं ज्याचं लग्नवाल्याला हसू आलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पोस्टर कलरनं मास्तरच्या आईच्या चेहऱ्याचे फक्त रंग मांडले, चेहरा नाही, ठिगळं नुसती. फोटोत सावली सरळ काळी येते. डोळ्यांना ती काळी दिसत नव्हती, कपाळावर आभाळाचा थंड निळसर रंग होता, कानामागे तर मातकट हिरवा. दहा मिनिटं मिळाली. ते पुठ्ठं अजून माझ्या इझलला टाचलेलं आहे.

आता सगळं मिळालं असं वाटलं ना? मलाही वाटलं. घरी ग्रिड मारून कॅनव्हासवर उतरवायला घेतलं, चार माणसं मस्त बसली, पाचवी बँकवाली काही केल्या बसेना. ती त्या दिवशी पुन्हा उशिरा आली म्हणून तिचे फोटो शेवटी वेगळे काढले होते. पाय खडूवर बरोबर, घमेलं जागेवर, उजेड तोच. तरी चित्रात ती बाकीच्यांमध्ये उभी असल्यासारखी दिसेना, कापून चिकटवल्यासारखी दिसायची. दोन रात्री मी तिचे खांदे खोडून राहिले. मग स्केल लावली. चौघांच्या फोटोत क्षितिजाची रेषा त्यांच्या डोळ्यांजवळून जाते, हिच्या फोटोत कमरेजवळून. म्हणजे ट्रायपॉड खाली केलेला होता! फोन केला.

"हाव, केला होता थोडा," लग्नवाला म्हणाला. "लो अँगलनं माणूस हिरो दिसते. तिचा चेहरा जरा..."

"जरा काय?"

"काई नाई."

सगळ्यांना तिसऱ्यांदा बोलवायची माझी हिंमत नव्हती. मी आणि तो, घमेलं ॲक्टिव्हावर पायाशी ठेवून, बल्ब माझ्या पर्समध्ये, शंकरनगर चौकातून बँकवालीच्या घरी. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला घमेल्याकडे आणि त्यातल्या नारिंगी कागदाकडे बघत होता. तिच्या बाल्कनीत टेपनं मोजून ट्रायपॉड बरोबर आधीच्या उंचीला लावला, चार फूट अकरा इंच. तिथं पाच मीटर मागे जायला जागाच नव्हती, लग्नवाला हॉलमध्ये सोफ्याच्या मागे, दार उघडं, मध्ये तिची सासू सीरियल पाहत बसलेली, तिच्या डोक्यावरून लेन्स. सासूबाईंनी एकदाच मागे वळून विचारलं, "किती वेळ चालते हे?" सहा मिनिटांत संपवलं.

ती बसली मग. एका संध्याकाळात बसली.

रंगवायला अडीच महिने लागले, त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही, खाली तपकिरी बर्न्ट अंबर, मग थर. जिमवाल्याचे दंड मी अर्धे केले, त्या काळात एवढे कोणाचे असतील असं मला वाटेना, त्यानं पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ओल्या जमिनीतलं प्रतिबिंब चांगलं झालं. मारबतीचा हात, ज्याच्यावर मी दोन रविवार घातले, तो शेवटी इतका काळोखात गेला की सांगितल्याशिवाय दिसत नाही. मास्तरची आई घरी आल्या, कॅनव्हाससमोर खुर्ची घेऊन बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "ही मी नाई. ही माझी सासू हाय." माझी आजी नाही तर नाही, कोणाची तरी सासू झाली.

मास्तरचा अंगठा तीनदा खरवडून काढला आणि चौथ्यांदा जमला.

मागच्या आठवड्यात रात्री बारा वाजता लग्नवाल्याचा मेसेज आला, भंडाऱ्याकडच्या कुठल्या तरी लग्नातून. एकच फोटो. नवरा नाही, नवरी नाही. कोणीतरी म्हातारे आजोबा, मुठीत अक्षता धरून उभे, चेहरा फ्रेमच्या बाहेर कापलेला, मागे मांडवाच्या ट्यूबलाइटचा घाणेरडा पांढरा उजेड, मागचा स्टीलचा ड्रम, त्याच्यावर लिहिलेलं केटरर्सचं नाव, सगळं सगळं स्पष्ट. खाली लिहिलेलं, "एफ ८. घे, अंगठा."

मी झूम करून पाहिलं. नखाखाली हळद होती.